मांडवीच्या वाळूवरचं पांढरं धोतर

मधू,

तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोळंबी सोलत होते. खरं सांगते, फोन ठेवला आणि राहिलेली कोळंबी सोलून पुरी केली. आमटी केली, भात टाकला, जेवलेसुद्धा. शेजारच्या नलूने कुंपणावरून विचारलं, कोणाचा गो फोन, तर म्हटलं मुंबईचा. तुझं नाव तोंडातून निघेना. दुःखाने नव्हे, उगाच गैरसमज नको. रागाने. दोन वर्षं मी तुझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, आणि ते भांडण माझ्या एकटीच्या गळ्यात टाकून तू मोकळा झालास. लहानपणापासून तुझं हेच. तुझ्यावर राज्य आलं की डाव टाकून घरी पळायचास.

दुसऱ्या दिवशी पेपर आणवले. एकात तुला गूढ म्हटलंय. दुसऱ्यात लिहिलंय की तू एका सरलेल्या काळाचा आत्मा पडद्यावर पकडलास. तिसऱ्यात 'मितभाषी' असा शब्द होता आणि तिथे माझं डोकं फिरलं. अरे, मी जन्मभर हायस्कुलात मराठी शिकवलं. मितभाषी म्हणजे थोडं पण नेमकं बोलणारा. तू थोडंही बोलत नव्हतास आणि नेमकं तर मुळीच नाही. जिथे बोलायला पाहिजे तिथे मिठाची गुळणी धरून बसायचास. त्याला मराठीत वेगळे शब्द आहेत, ते मी गेलेल्या माणसासाठी वापरत नाही. तुला आयुष्यभर 'मेल्या' म्हणत आले, तेही आता ओठावर येऊन अडतं.

तुझा तो एकुलता एक चित्रपट. 'तिसरा भोंगा'. तुला काय सांगायचा, पण ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, आणि बघितलेल्यांसाठीही, कारण त्यांनाही तो कळला नव्हता. आपल्या रत्नागिरीत मांडवीच्या बंदरावर माणसं बोटीची वाट बघतायत. ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या करंड्या. एक म्हातारा छत्री उघडतो आणि मिटतो, उघडतो आणि मिटतो. पहिला भोंगा ऐकू येतो, म्हणजे बोट लांबवर दिसली. दुसरा भोंगा येतो, म्हणजे बोटीने बाहेर नांगर टाकला. माणसं पडावात, म्हणजे बोटीपर्यंत नेणाऱ्या होडीत, बसतात, पडाव भरून जातो, रिकामा परत येतो. बोट काही दिसत नाही. शेवटपर्यंत दिसत नाही. आणि मग शेवटचं ते दृश्य, समुद्रातून मागे जाणाऱ्या किनाऱ्याचं, आवाज नाही, माणूस नाही, नुसतं मागे मागे जाणं. तिसरा भोंगा, म्हणजे बोट सुटल्याचा, ज्याचं नाव चित्रपटाला दिलंयस, तो वाजतच नाही. तो कुठे गेला यावर म्हणे तिकडे पॅरिसला लोकांनी चर्चा केल्या.

मला तेव्हाच विचारलं असतं तर चर्चा करायची पाळी आली नसती. पण मलाही तो कळला तो परवा. ते पुढे येईल.

आधी बोटीचं. आजच्या पोरांना सांगून पटत नाही. अठ्ठ्याण्णव साली रेल्वे आली आणि माणसं सकाळी निघून दुपारी मुंबईला पोचायला लागली, तेव्हा बोट होती हेही कोणाला आठवेना. पण आपल्या लहानपणी मुंबई म्हणजे बोट. नारळी पौर्णिमा झाली की बोटी सुरू, पावसाळा तोंडावर आला की बंद. बोट किनाऱ्याला लागायची नाही, बाहेर उभी राहायची, आणि पडावातून माणसं तिच्यापर्यंत न्यायचे. पडाव सुटला की पोचवायला आलेली माणसं लगेच घरी परतायची. तशीच रीत होती. ऊन चढायचं, कामं पडलेली असायची, आणि पडावात बसलेला माणूस गेलाच म्हणून समजायचे. पाठ फिरवायची आणि चालू लागायचं. रडायचं ते घरी जाऊन.

फक्त माझी आई परतायची नाही. आपली माणसं पाण्यावर आहेत तोवर पाठ फिरवायची नाही, असा तिचा स्वतःचा नियम. आळीतलं कोणीही गेलं तरी ती तिसऱ्या भोंग्यापर्यंत वाळूत थांबायची. मग वाळूला लागून असलेल्या आमच्या परसातल्या दोरीवरचं बाबांचं धोतर घेऊन ते उंच धरून हलवत राहायची. बोट किल्ल्याच्या टोकाशी, दीपगृहाला वळसा घालून दिसेनाशी होईपर्यंत. बाबा चिडायचे, धोतराला वाळू लागते म्हणून. आळी हसायची. आणि घरी येताना दर वेळी आई मला एकच विचारायची, "दिसत असेल काय गो तिकडून?"

मला काय ठाऊक. मी कधी तोवर बोटीने गेले नव्हते, आणि आई तर जन्मात बोटीत बसली नाही. मे महिन्यात चाकरमानी आले की ती त्यांनाही विचारायची. ते सगळे म्हणायचे, दिसतं की काकू, स्पष्ट दिसतं. तिला खरं वाटायचं नाही. मला म्हणायची, वरणभात जेवायला बसलेला माणूस नाही कसं म्हणेल?

तू गेलास तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होतास. तुझी आई जाऊन वर्ष झालं होतं आणि तुला मामाकडे गिरगावात पाठवायचं ठरलं. तुझे वडील बंदरावर आले, पडाव सुटला तसे इतरांसारखेच परतले. त्यांचा दोष नाही, रीत होती. तिथे राहिलो मी आणि आई. आईने त्या दिवशी धोतर घरूनच खांद्यावर टाकून आणलं होतं. तिसरा भोंगा झाला. तुला भोंग्याची भीती, हे आळीतल्या सगळ्या पोरांना ठाऊक होतं. भोंगा झाला की तू दोन्ही कान घट्ट दाबून डोळे मोठे करून उभा राहायचास आणि आम्ही तुझी नक्कल करायचो. मी तेव्हाही हसून आईला म्हटलं, मध्या आता कान दाबून उभा असेल. ती हसली नाही. तिने त्या दिवशी धोतर हलवलं ते नेहमीपेक्षा जोरात, आणि बोट टोकामागे गेल्यावरसुद्धा थोडा वेळ हलवलं. परतताना नेहमीचा प्रश्न विचारला. पण तुला तिने कधी विचारलं नाही. तू पुढच्या मे महिन्यात आलास तेव्हा तुला मिसरूड फुटायला लागलं होतं आणि तू तिच्याकडे बघून नीट बोलेनास. मग ते राहूनच गेलं.

किती वर्षांनी तू कॅमेरा आणि दहा-बारा माणसं घेऊन उगवलास, आणि मांडवीला जत्रा भरल्यासारखं झालं. जुन्या ट्रंका माळ्यावरून निघाल्या. आपापल्या आजोबांच्या टोप्या घालून माणसं बंदरावर उन्हात उभी राहिली. दुपारी तुझी माणसं आमच्याकडे घावन खायला, आणि आईच्या अंगात दहा हत्तींचं बळ. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, ताटात बघत, तिला म्हणालास, "काकू, धोतर आहे काय अजून? तुमच्याकडून तेच करून घ्यायचंय." बाबा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्यांचं एक धोतर तिने डांबराच्या गोळ्या घालून ठेवलं होतं. ते बाहेर काढून तिने दोन्ही हातांनी वर धरून बघितलं. मला वाटलं बाबांच्या आठवणीने. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "शाले, आता सिनेमातच कळेल गो, दिसतं का नाही ते."

कळलं तुला, मधू? तिला हिरॉईन व्हायचं नव्हतं. पडद्यावर तोंड दिसावं याची तिला काडीची हौस नव्हती. तिला एवढंच बघायचं होतं की ती जन्मभर जे हलवत राहिली ते समोरच्याला दिसत होतं का नव्हतं.

तू इब्राहिम तांडेलचा ट्रॉलर मिरकरवाड्याहून आणलास, कॅमेरा मागच्या अंगाला बसवलास आणि गेलास. आई वाळूत उभी, धोतर वर. ट्रॉलर इतका सावकाश चालला होता की माझा जीव वर आला. एरवी इब्राहिम कसा भरधाव सुटतो, आणि त्या दिवशी वरातीला निघाल्यासारखा. सत्तरी उलटलेली बाई, डोक्यावर ऊन, डोळ्यांत मोतीबिंदू, तो ट्रॉलर तिला दिसतसुद्धा नव्हता. मीच तिला सांगत होते, अजून आहे, अजून आहे. शेवटी मला राहवेना. काळी छत्री घेऊन धावले, तिचा हात धरून खाली ओढला, म्हटलं बस झालं आता, त्याला काय, तो बसलाय आरामात. तिने मला असं ढकललं की छत्री हातातून सुटली आणि वाऱ्यावर गडगडत थेट पाण्यापर्यंत गेली. "अजून वळली नाही ना?" म्हणाली, आणि दुसऱ्या हाताने धोतर वर केलं. मी छत्रीमागे धावले. ती टोकापर्यंत हलवत राहिली. चार दिवस तिला त्या हातांनी वेणी घालता येत नव्हती, मी घालून देत होते. तू साधी चौकशी केली नाहीस. दुसऱ्या दिवशी ट्रंका घेऊन उभ्या असलेल्या माणसांवर ओरडत होतास, म्हणे कोणी कॅमेऱ्याकडे बघू नका.

मग तो खेळ. दोन हजार साली, इथल्याच टॉकीजमध्ये, सकाळचा एकच खेळ. अख्खी मांडवी आणि अर्धा मिरकरवाडा लोटला होता. आईने लुगडं इस्त्री करवून घेतलं होतं. लोक पडद्यावर एकमेकांना ओळखून हाका मारत होते, तो बघ नाना, ती बघ सुमनची ट्रंक, आणि तू मागच्या रांगेत तोंड लांब करून बसला होतास, कारण म्हणे शांतता पाहिजे. आई पुढे वाकून बघत होती. मध्येच विचारायची, आलं काय गो? मी म्हणायचे, नाही अजून.

आणि मग पडाव सुटला. पडाव सुटला आणि किनारा मागे जायला लागला, आणि काय झालं सांग बघू? सगळं थिएटर उठलं. अरे, मांडवीची माणसं ती. पडाव सुटला की घरी जायचं हे त्यांच्या हाडात. ज्यांनी जन्मात बोट बघितली नाही अशी पोरंसुद्धा आईबापांमागोमाग उठली. खुर्च्या आपटल्या, चपला शोधायला लागले, दारं उघडली, उजेड आत आला आणि पडदा पांढराफटक झाला. मी आईला हाताला धरून गर्दीच्या आधी पायऱ्यांवरून खाली न्यायच्या खटपटीत. त्या दृश्यात पुढे काय होतं ते रत्नागिरीत एकाने बघितलं नाही. आणि तू? तू शेवटच्या रांगेतून बघत होतास. तुझा चित्रपट तुझ्या डोळ्यांदेखत लोक अर्ध्यात टाकून जात होते आणि तुझ्याने एक "बसा रे" म्हणवलं नाही. जन्माचा हट्टी.

बाहेर आई तुझ्याजवळ गेली. कशी गेली ते मी विसरणार नाही. दुकानात पैसे कमी पडलेल्या बाईसारखी हळू आवाजात म्हणाली, मधू, माझं काय झालं रे? आणि तू म्हणालास, "काकू, आहे त्यात. पुन्हा बघा."

पुन्हा! संध्याकाळी त्या चित्रपटाचे पत्र्याचे डबे घेऊन तुझी माणसं मुंबईला निघाली. पुन्हा कुठे बघायचा होता तिने? पॅरिसला?

आई घरी आली, लुगड्याची घडी घातली आणि तुझीच बाजू घ्यायला लागली. कोणी विचारलं तर सांगायची, वेळ पुरला नसेल गो त्याला, म्हणून माझा भाग काढला असेल, मोठं काम असतं ते. मला सांगताना मात्र वेगळं. एकदा तांदूळ निवडताना मान खाली घालून म्हणाली, "दिसत नसणारच. दिसलं असतं तर ठेवलं असतं त्याने." बस. त्यानंतर त्या प्रश्नाला ती कधी शिवली नाही. इतक्या वर्षांचा प्रश्न, आणि उत्तर तिने स्वतःच असं लावून टाकलं.

मी तुला फोन केला. आठवतंय ना? बूथमधल्या माणसाने काचेवर टकटक केलं एवढा माझा आवाज चढला होता. मी म्हटलं, तिचा तुकडा आहे तर कुठे आहे ते सांग, मी तिला सांगते, विषय संपला. तू म्हणालास, "शाले, चित्र समजावून सांगायचं नसतं. सांगितलं की मेलं." मी म्हटलं, माझी आई म्हातारी आहे, ती मरायच्या आत सांग, चित्र मेलं तर मेलं. तू म्हणालास, तिला कळेल. अरे कसं कळेल? आकाशवाणी होणार होती? मी मुलांना सगळी वर्षं संदर्भासह स्पष्टीकरण लिहायला लावलं. कोण म्हणालं, कोणाला म्हणालं, का म्हणालं. त्याने एकही कविता मेली नाही. उलट दोन-चार ढ मुलांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलंय. पण तुझ्यापुढे बोलून काय उपयोग. तुम्ही कलावंत, आम्ही मास्तरीण.

दोन वर्षांमागे आई गेली. तू बाराव्याला आलास, भिंतीला टेकून बसलास, पानावर वाढलेलं सगळं खाल्लंस आणि निघालास. मी दारात तुला अडवलं. म्हटलं, आता तरी? तू तिच्या फोटोकडे बघितलंस, तुझी हनुवटी हलली, मला वाटलं आता बोलतोय. आणि तू चपला घातल्यास. तिथे मी तुझं नाव टाकलं.

परवा इथल्या वाचनालयात तुझी शोकसभा झाली. मी जाणार नव्हते, नलूने ओढून नेलं. मुंबईहून एक जाणकार आले होते. त्यांनी आधी चित्रपट दाखवला, भिंतीवर चादर लावून, सीडीवरून. या खेपेला कोणी उठलं नाही. शोकसभेतून मध्येच उठायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून. तेवढ्याने मला ते शेवटचं दृश्य पहिल्यांदा धड बघायला मिळालं.

किनारा मागे जातो. माडांची रांग, वाळूची पट्टी. वाळूवर एक पांढरा ठिपका, हलतोय. मला वाटलं सीडी खराब आहे. ठिपका लहान लहान होत जातो, पण हलायचा थांबत नाही. मग उजवीकडून एक काळा ठिपका धावत येतो. पांढरा ठिपका खाली जातो. आणि मग काळा ठिपका सुटतो, गडगडत पाण्याकडे जातो, आणि पांढरा पुन्हा वर येतो, दुसऱ्या बाजूने.

माझी छत्री रे, मधू. माझी छत्री.

मी पदर तोंडात कोंबला. दृश्य चालूच होतं. ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झाला तरी हलत होता, किल्ल्याचा काळा खडक आडवा आला आणि मग अंधार. आवाज नाही, भोंगा नाही. आणि तो का नाही तेही मला त्याच वेळी कळलं. कान दाबून धरले की भोंगा ऐकू येत नाही. बोटीवरच्या पोराचे दोन्ही हात कानांवर होते. म्हणून त्याला उलट हात हलवता आला नाही. पॅरिसच्या लोकांना कुठून कळावं हे? ते मला, तुझी नक्कल करणाऱ्या मला कळायचं होतं, आणि तू मला एका फोनच्या अंतरावर असताना सांगितलं नाहीस.

दिवे लागले. जाणकार उभे राहून म्हणाले की तो पांढरा ठिपका म्हणजे विरत जाणारा भूतकाळ आहे आणि काळा ठिपका म्हणजे विस्मृती. आपण त्याला झेंडा, पक्षी, काहीही समजू शकतो, हीच या कलाकृतीची ताकद आहे. मी उभी राहिले. नलू पदर ओढत होती. मी म्हटलं, "तो ठिपका माझी आई आहे. हातात माझ्या वडिलांचं धोतर आहे. काळी ती माझी छत्री, आणि छत्रीमागे धावणारी मी."

जाणकार भले माणूस निघाले, ते खाली बसले. मग मागून इब्राहिम उठला. आता म्हातारा झालाय, काठी घेऊन चालतो. म्हणाला, "बरोबर बोलते शालूताई. त्या दिवशी मधूभाय मला बोलले, इब्राहिम, तेव्हा बोट फार लवकर वळली होती, आज सावकाश घे. मी बोल्लो, म्हातारीचा हात दुखंल. ते रडत होते."

इब्राहिमला सांगितलंस! डिझेलच्या धुरात, इंजिनाच्या खडखडाटात, इब्राहिमला सांगता आलं तुला. जिच्यासाठी ते सगळं होतं ती आठ पावलांवर घावन वाढत होती, तिला नाही. मला घरी येऊन हसावं का रडावं कळेना. अख्खा चित्रपट तिला उत्तर द्यायला केलास, मेल्या, आणि उत्तर अशा ठिकाणी ठेवलंस की जगात सगळ्यांना सापडेल, फक्त तिला नाही. मोतीबिंदू झालेल्या बाईला टाचणीएवढा ठिपका. आणि वर पुन्हा बघा!

मी कृतघ्न नाही. सभा संपल्यावर माणसांनी ते दृश्य परत लावायला लावलं. मांडवीच्या बायका चादरीजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि बोट लावून एकमेकींना दाखवत होत्या, ती बघ इंदूकाकू, अजून हलवते बघ. ती गेल्यावर पहिल्यांदाच कोणी तिला तिच्या नावाने हाक मारली. आपला तो काळ, बोटी, पडाव, टोप्या, सगळं गेलं, आणि त्यातलं एक माणूस तू असं ठेवलंस की ते हात खालीच करत नाही. दुसऱ्या कोणाला ते सुचलं नसतं. तुझे उपकार मानते. पण उपकार मानले म्हणजे माफ केलं असं नव्हे.

आज सकाळी तुझा पुतण्या तुझ्या अस्थी घेऊन आला. तुझी इच्छा होती म्हणे, मांडवीहून बोटीने न्यायच्या आणि टोकापलीकडे सोडायच्या. हेही तू कोणाला तरी सांगून ठेवलं होतंस, बघ. इब्राहिमचा मुलगा ट्रॉलर घेऊन आला. छोट्या होडीतून कलश ट्रॉलरवर नेला. होडी सुटली तशी जमलेली माणसं परतली.

मी परतले नाही, थांबले. राग गेला म्हणून नव्हे, नीट ऐक. आईचा नियम होता, आणि आता तो पाळायला घरात दुसरं कोणी नाही. बाबांचं धोतर पिशवीतून आणलं होतं. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता त्याला. वर धरलं आणि हलवत सुटले, आणि तोंडाने तुला शिव्या देत होते. वाळूत जाळं सुकवणारा एक जण माझ्याकडे बघत राहिला. उजवा हात भरून आला, तेव्हा डाव्यात घेतलं. ट्रॉलर दीपगृहाच्या टोकाशी वळून पार दिसेनासा होईपर्यंत खाली केलं नाही.

आता तू सांग. दिसलं काय रे तिकडून? आणि या वेळी मला पुन्हा बघ म्हणू नकोस.